१९८२चा जानेवारी, इथला आणि तिथला

परवा भावाचा फोन आला. गिरणी कामगारांना घरं मुंबईतच द्यायची की शेलू-वांगणीला, यावरून सुरुवात झाली आणि नेहमीसारखी गाडी दत्ता सामंतांवर घसरली. संप ताणला कुणी, मालकांनी डाव कसा साधला... आमच्या घरात हा वाद लोणच्यासारखा मुरलाय.

फोन ठेवून मी गाडीत अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' हा अल्बम लावला. इथे न्यू जर्सीत एडिसनपासून कोल्ट्स नेक हे गाव फार लांब नाही. तिथल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, जानेवारी १९८२च्या सुरुवातीला त्याने एकट्याने चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ही गाणी म्हटली. गिटार, माऊथ ऑर्गन, बाकी फारसं काही नाही. कॅसेट डबीशिवाय खिशात टाकून फिरला. मग बँड घेऊन स्टुडिओत वाजवून पाहिली, तर गाण्यांतला जीवच गेला! शेवटी त्या कॅसेटवरचंच, खरखरीसकट, सप्टेंबरात बाजारात आणलं.

त्याच जानेवारीच्या १८ तारखेला मुंबईत संप सुरू झाला.

'नेब्रास्का'तल्या 'जॉनी ९९' या गाण्यात न्यू जर्सीतल्याच माहवाचा मोटार कारखाना बंद पडतो आणि बेकार झालेला एक जण दारूच्या भरात खून करतो. कारखान्याचं बरोबर की कामगाराचं, हे गाणं ठरवत बसत नाही. त्या माणसाला बोलू देतं.

भाऊ म्हणतो, "त्या कोट्यधीशाला काय कळणार बेकारी?" अरे, त्याचा बाप फ्रीहोल्डच्या गालिच्यांच्या गिरणीत होता. आमच्या एडिसनच्या फोर्डमध्येही. तो कारखाना २००४ला बंद झाला, आता तिथे दुकानं आहेत. लोअर परळ आठवलं ना?

आपल्याकडे डफ होता, शाहिरांचा मैदान भरून टाकणारा आवाज होता. त्याची गरजच होती. पण मैदानावरून घरी येऊन गप्प बसलेल्या माणसाचं गाणं कुठंय? नाटकात जयंत पवारांनी 'अधांतर'मध्ये ते घर दाखवलं. गाण्यात मला तरी सापडलं नाही. (इथे गाडीत हीटर लावून हे बोलणं सोपं आहे, मान्य.)

मामा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. घराचा अर्ज भरताना भावाने गिरणीतला तिकीट नंबर विचारला, तर मामा हजेरी द्यायला उठावं तसे खुर्चीतून उठले आणि कागद न बघता नंबर सांगितला.

भावाला म्हटलं, पुढच्या वेळी सामंतांचा विषय काढू नकोस. मामांसमोर मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू कर आणि गप्प बस.

"पंखा फार आवाज करतो रे त्यांचा."

म्हटलं, करू दे.