ठेकेदाराचा माणूस म्हणजे कोणाचाच नाही का?

आमच्या ओळखीतला एक पोरगा घंटागाडीवर होता, वय 30. मागचं हायड्रॉलिक खाली येताना उजव्या हाताची दोन बोटं गेली, पार मुळापासून. ठेकेदाराने दवाखान्याचं बिल भरलं, वर 20 हजार टेकवले आणि स्टॅम्पपेपरवर सही घेतली, माझी काही तक्रार नाही म्हणून. बायको म्हणाली घ्या, घरात किराणा नाही. तिला काय बोलणार.

आता हिशोब बघा. कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा मुळात 1923 चा, आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलाय. एका हाताची दोन बोटं म्हणजे कमाईची 20 टक्के ताकद गेली असं परिशिष्टातच लिहिलंय. पगार 15,000 धरा, त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले वयाप्रमाणे कायद्यात ठरवलेला फॅक्टर, तिशीला 207.98, आणि त्याचे 20 टक्के. होतात 3 लाख 74 हजार! महिन्याभरात दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज, दंड वेगळा, तो 50 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आणि त्या स्टॅम्पपेपरला घाबरून घरी बसायचं काही कारण नाही. हक्क सोडायला लावणारा करार कायद्याने रद्दच असतो.

मला खरा राग येतो तो महापालिकेच्या "तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे" या वाक्याचा. अरे काम शहराचं ना? कायदा सरळ म्हणतो की मुख्य मालकाने, म्हणजे इथे महापालिकेने, भरपाई द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, म्हणजे शहराचं नुकसान पण नाही, तरी जखमी माणसालाच दोन्हीकडे हेलपाटे. गटारात उतरून जीव गेला तर 30 लाख द्या असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलंय, तेही मागितल्याशिवाय मिळत नाही.

नाशिकचा 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय, रामकुंड तपोवन सगळीकडे ठेक्यावरचीच माणसं राबणार. टेंडरमध्येच अट टाका ना, अपघात झाला की भरपाई जमा होईपर्यंत ठेकेदाराचं बिल निघणार नाही.

कोणाच्या घरी असं झालं असेल तर हजेरीचा फोटो, केस पेपर, गाडीचा नंबर जपून ठेवा. ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असेल तर तिकडे जा, नसेल तर नाशिकच्या कामगार न्यायालयात, आणि दोन वर्षांच्या आत.