एलियन, कोकस आणि दत्ताभाऊंची पहार

सच्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आठला बंद होतं आणि सव्वाआठला तो आमच्या सिडकोतल्या कट्ट्यावर नवा शोध घेऊन हजर असतो. परवाचा शोध एका रीलमधला, वेरूळचा होता. कैलास लेणं राष्ट्रकूटांचं, म्हणजे आठव्या शतकात इथं राज्य करणाऱ्या घराण्याचं, नव्हेच म्हणे. आपल्याहून कितीतरी पुढारलेली एक संस्कृती हजारो वर्षांपूर्वी बुडाली, तिनं एलियनकडून मिळालेल्या लेझरनं ते कोरलं आणि राष्ट्रकूटांनी त्यावर फक्त आपली पाटी लावली.

“हिशेब ऐका,” सच्या म्हणाला. “4 लाख टन दगड, 18 वर्षं, रोज 12 तास काम. ताशी 5 टन पडतात. छिन्नी-हातोडीनं? काहीही राव!”

मी मोबाईलवर भागाकार केला. उत्तर ताशी 5 टनच आलं. सच्या खूश.

“माणसं किती धरली?” दत्ताभाऊंनी विचारलं.

“माणसं?”

“दगड काढणारी.”

रीलमध्ये माणसंच नव्हती. मग आम्ही धरली: 500 माणसं, वर्षाला 300 दिवस. माणशी दिवसाला दीडशे किलोच्या आसपास, म्हणजे तेलाचे तीन डबे भरतील एवढा दगड. शिवाय 4 लाख टन हा वरचा अंदाज. 2 लाख म्हणणारेही आहेत. आवार साधारण 82 मीटर लांब आणि 47 मीटर रुंद, मागची भिंत 33 मीटर उंच. पण डोंगर उतरता आहे, पुढं एवढं खोल खणावंच लागलं नाही.

“पण बेसॉल्ट आहे तो! फोडून दाखवा पहारीनं.”

आता दत्ताभाऊ सरसावून बसले. त्यांचे वडील विहिरी खोदायचे आणि भाऊ स्वतः दगड फोडायचं ब्रेकर मशीन भाड्यानं देतात, त्यामुळे दगडाच्या बाबतीत कट्ट्यावर त्यांचाच शब्द चालतो. “अरे, काळा खडक अख्खा असतो असं तुम्हाला वाटतं. त्याला सांधे असतात, चिरा असतात. सांधा धरून पहार घातली अन् घण मारला की धोंडा सुटतो. त्याचा भुगा कशाला करायचा? वडलांना सुरुंग परवडायचा नाही तेव्हा असंच करायचे. त्यात विहिरीतला माल वर ओढावा लागतो, इथं तर उतारावरनं पुढं लोटायचा. तीन बाजूंनी चर मारले, मधी धोंडा उभा ठेवला. वेळ जातो तो नंतर, हत्तीची सोंड काढताना.”

सच्यानं मोर्चा वळवला. “ठीक. पण असं देऊळ आधी कुठं होतं? एकदम आकाशातून पडलं?”

हा चेंडू इर्शादचा. तो वेरूळला गाइड आहे आणि हा प्रश्न त्याला पर्यटकांकडून इतक्यांदा आलाय की उत्तर देताना त्यानं चहाचा कपही खाली ठेवला नाही. तमिळनाडूत कांचीला पल्लव राजांचं कैलासनाथ मंदिर आहे, आठव्या शतकाच्या सुरुवातीचं. चालुक्य घराण्यातला राजा विक्रमादित्य दुसरा यानं कांची जिंकली. त्या विजयाप्रीत्यर्थ त्याच्या राणीनं, लोकमहादेवीनं, कर्नाटकात पट्टदकलला आजचं विरूपाक्ष मंदिर उभारलं. त्याच चालुक्यांना राष्ट्रकूट दंतिदुर्गानं हटवलं, आणि दंतिदुर्गानंतर त्याचा काका कृष्ण पहिला गादीवर आला. कैलास त्याचंच. “पट्टदकल बघून ये आणि मग कैलास बघ. गोपुर, नंदीमंडप, शिखर, सगळी मांडणी ओळखीची वाटेल. एलियन एवढे हुशार होते तर त्यांनी चालुक्यांची नक्कल कशाला मारली?”

“ताम्रपटात विमानं आहेत,” सच्यानं हुकमाचा एक्का टाकला.

आहेत खरी. बडोद्याला मिळालेला राष्ट्रकूट कर्क राजाचा ताम्रपट, इसवी सन 812चा. त्यात कृष्णराजानं एलापुरला, म्हणजे वेरूळला, बांधलेल्या मंदिराचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते बघून चकित होतात, हे स्वयंभूच असणार म्हणतात. खुद्द शिल्पी म्हणतो, मी हे केलं तरी कसं! मला यात गंमत वाटते ती ही की ‘माणसाचं काम नव्हे’ ही त्या कवीनं माणसाच्या कामाला दिलेली दाद होती. देव फक्त प्रेक्षक. रीलवाल्यानं प्रेक्षकांनाच ठेकेदार केलं.

कोकसाची गोष्टही कट्ट्यावर निघतेच. शिखर बघितल्याशिवाय जेवणार नाही असं व्रत राणी माणिकावतीनं घेतलं, सगळे कारागीर हरले, मग पैठणच्या कोकसानं शिखरापासूनच कोरायला सुरुवात केली आणि राणी जेवली. गोष्टीत म्हणतात तसं आठवड्यात वगैरे काही झालं नसेल. पण काम वरून खाली उतरत गेलं हे त्या गोष्टीला पक्कं ठाऊक आहे.

सच्या गप्प बसणाऱ्यातला नाही. “18 वर्षं हे तरी कुठं लिहिलंय?”

इर्शाद हसला. “कुठंच नाही.” कृष्णाची कारकीर्द साधारण 756 ते 773, त्यावरून लोकांनी आकडा काढला. 1952 साली कलेतिहासाचे अभ्यासक हर्मान गोएट्झ यांनी हे काम अनेक राजांच्या काळात पसरवलं होतं. पुढं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मुख्य मंदिर कृष्णाच्याच काळात आणलं, बाजूची काही कामं नंतरची धरली.

“म्हणजे तुमच्यातच एकमत नाही!”

प्रश्न चांगलाच होता, श्रेय सच्याला. पण तो त्याच्याच अंगावर आला. वर्षं वाढली की ताशी 5 टनांचे 2 होतात, मग एलियन बोलवायचं कारणच उरत नाही. मी हे बोललो तर तो म्हणाला, तू मधे पडू नको.

“आणि अर्धवट लेण्यांचं काय?” इर्शादनं विचारलं. वेरूळचंच 30 नंबरचं छोटा कैलास अपुरं आहे. अजिंठ्याचं 24 नंबर बघा: कुठं खांब पुरा झालाय, कुठं नुसताच ओबडधोबड दगड. कामाच्या सगळ्या पायऱ्या तिथं उघड्या पडल्यात.

“लेझर असतं तर अर्धं सोडलं असतं का?” दत्ताभाऊ म्हणाले. “पैसे देणारा गेला, काम थांबलं. माझी दोन बिलं अजून अडकलीत.”

सच्या म्हणाला की प्रत्यक्ष बघितल्याशिवाय तो काही मान्य करणार नाही, तेव्हा येत्या मंगळवारी सगळे वेरूळला जाऊ, दुकानाला सुट्टी आहे, गाडी त्याची.

“मंगळवारी लेणी बंद असतात,” इर्शाद म्हणाला.

“बघ! काहीतरी लपवतायत.”