सगळीकडे एकच रेझ्युमे पाठवू नका

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या मराठी घरांतली मुले नोकरी शोधू लागली की त्यांचे रेझ्युमे नजरेखालून घालण्यासाठी माझ्याकडे येतात. मकरपुऱ्याच्या कारखान्यापासून हालोलच्या औषध कंपनीपर्यंत तोच एक कागद गेलेला असतो आणि मुलाखतीचे बोलावणे का येत नाही, याचे उत्तर बहुधा तिथेच सापडते.

सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, क्वालिटी कंट्रोलचा अनुभव असलेल्या एका मुलाचा रेझ्युमे नुकताच पाहिला. माथ्यावर 'संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे' हे ध्येय, त्याखाली वडिलांचे नाव आणि वैवाहिक स्थिती. प्रत्यक्ष काम मात्र दुसऱ्या पानाच्या तळाशी 'विविध चाचण्या केल्या' एवढ्यावर उरकलेले. औषध कंपनीच्या जाहिरातीत एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजण्याचे तंत्र), डिझोल्यूशन (गोळी किती विरघळते याची चाचणी) आणि जीएमपीनुसार, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाच्या नियमांनुसार, नोंदी यांची स्पष्ट मागणी होती आणि हे तिन्ही तो रोज करत होता! आम्ही 'गोळ्यांच्या नमुन्यांची एचपीएलसीवर अ‍ॅसे व डिझोल्यूशन चाचणी, जीएमपीनुसार नोंदी' असे लिहून (अ‍ॅसे म्हणजे औषधाचे प्रमाण मोजणे) ते पहिल्या पानावर वर आणले. खोटे एक अक्षरही घातले नाही. हाच मुलगा उद्या मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या जागेसाठी अर्ज करील, तेव्हा मात्र मराठी, गुजराती आणि हिंदी सफाईने बोलता येणे वर यायला हवे, कारण सुरत-नाशिक पट्ट्यात फिरणाऱ्या माणसाकडून कंपनीला तेच हवे असते. बडोद्यातल्या मराठी मुलांना ही जमेची बाजू वाटतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अनेक मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून जातो. दोन रकान्यांची मांडणी, चौकटी किंवा चित्ररूप मजकूर त्याला नीट वाचता येईलच असे नाही, म्हणून साधी, एका रकान्याची मांडणी ठेवावी आणि जाहिरातीतलेच शब्द वापरावेत. नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवरही भरती करणारे शब्द टाकूनच उमेदवार शोधतात.

मात्र जे काम केलेले नाही, त्याचा शब्द केवळ जाहिरातीत आहे म्हणून उचलू नये. एचपीएलसी लिहिले की कोणता कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) वापरला, मोबाइल फेज (तिच्यातून वाहणारा द्रव) काय होता, पीकला टेलिंग आल्यावर (आलेखातला उंचवटा मागे लांबल्यावर) काय केले, हे मुलाखतीत विचारले जाणारच. अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक ओळीवर असे दोन-तीन प्रश्न घरच्या कुणाकडून विचारून घ्यावेत आणि ज्या ओळीवर उत्तर अडते, ती सरळ काढून टाकावी.