दोघी माद्याच, मग घरटं कुणासाठी?

ताई, सशिणीच्या घरट्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरात नर नाही, मग सशीण घरटं कशाला बांधेल? छातीचे केस उपटतेय म्हणजे कातडीचा रोग. आणि ‘घरटं मोडू नका’ असं लिहून मी लोकांना डॉक्टरांपासून लांब ठेवतोय.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. माइट्समुळेही (कातडीवर राहणारे बारीक किडे) केस जातात, हे लेखात यायला हवं होतं. पण फरक डोळ्यांना दिसतो. माइट्स झाले की बहुधा मानेमागे आणि पाठीवर कोंडा धरतो. घरट्यासाठी उपटलेले केस असतात गळ्याखालच्या पोळीचे, पोटाचे. खालची कातडी स्वच्छ असते आणि केस एकाच कोपऱ्यात गवतात कालवलेले सापडतात.

आता नराचं. सशिणीची अंडी ठरलेल्या चक्राने सुटत नाहीत, समागमानंतर साधारण 10 तासांनी सुटतात. पण त्यासाठी नरच लागतो असं नाही. दुसरी मादी पाठीवर चढली तरी पुरतं, कधीकधी तर आपण लाडाने पाठीवरून फिरवलेला हातही. गर्भ नसतो, पण शरीर तो आहे असंच धरून चालतं. खरी गाभण सशीण 31 दिवसांच्या आसपास विते. खोटं गाभणपण 16 ते 18 दिवसांत उतरतं, आणि उतरताना प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं हार्मोन) घसरून प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) चढलं की घरट्याची घाई सुटते. या दिवसांत केसही मुळाशी सैल झालेले असतात.

आमच्या चिंगी आणि ठमी, दोघी माद्याच. एका रात्री अकराला पाणी प्यायला उठलो तर चिंगीच्या तोंडात हवालदाराच्या मिशांसारखं आडवं गवत, आणि बाल्कनीतून ओट्याखाली तिच्या फेऱ्या चाललेल्या. सकाळी मी शहाणपणा करून सगळं झाडून काढलं. तिने दुपारपर्यंत पुन्हा केस उपटले, पोट गुलाबी दिसायला लागेपर्यंत. ‘मोडू नका’ हे तेव्हा शिकलो. दोन-चार दिवसांत तिचं तिनेच त्या कोपऱ्याकडे लक्ष देणं सोडलं.

डॉक्टरांबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. या काळात खाणं थोडं कमी होतं. पण 12 तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघू नका. आम्ही पुढे दोघींचं अंडाशय-गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून घेतलं. घरट्यांचा त्रास हे त्यातलं छोटं कारण. वय वाढेल तसा माद्यांना गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका मोठा असतो, ते खरं कारण.

तुमच्या सशिणीचे केस नेमके कुठले गेलेत, तेवढं तुम्ही लिहिलेलं नाही. मानेमागचे असतील तर उद्याच दाखवून या. पोळीचे असतील तर आधी एकदा सोफ्याखाली वाकून बघा.