खुलासा: ठेवींचा विमा शाखेगणिक नसतो
दांडिया बाजारातल्या आपल्या ग्रुपवर फिरतंय, ‘रावपुरा नि मांडवी, दोन शाखांत पैसे ठेवा, प्रत्येक शाखेत 5 लाखांचा विमा.’ साफ चूक. विमा एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा मिळून, व्याज धरून 5 लाखांचा. शेजारच्या काकूंच्या डब्यातून ठेवींच्या तीन पावत्या निघाल्या, तिन्ही एकाच बँकेच्या! नवऱ्यासोबतचं संयुक्त खातं मात्र वेगळं धरतात.

मुळात ठेवींच्या विम्याचा कायदाच बँक बुडाल्यावर सुचलेला. 1960मध्ये पलाई सेंट्रल बँक कोसळली, 1961मध्ये कायदा आला. तेव्हा विम्याची मर्यादा 1,500 रुपये. 2019मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, पैसे काढण्यावर मर्यादा आली, तेव्हा विम्याची मर्यादा 1 लाख होती, फेब्रुवारी 2020मध्ये 5 लाख झाली. निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद 2021ची.