गप्प राहून स्वस्तात घेतलेली पेटी मला नको होती

सहा महिने मी एक जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, शोधत होते. गेल्या महिन्यात मिरजेजवळच्या एका गावात मिळाली. घडी होणारी, पायाने भाता मारायची पायपेटी. आत जर्मन सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी जिभा, खर्ज (खालचे) आणि नर (मधले) अशा दोन संचांत. घरातल्या काकूंनी चार हजार सांगितले, मी अठरा हजार दिले. तेव्हापासून "मागितले तेवढेच द्यायचे ना!" हे इतक्या जणांनी ऐकवलंय की आता लिहूनच टाकते.

त्याआधी एका जाहिरातीतली 'अस्सल पॅरिस सुरांची' पेटी जवळजवळ घेतलीच होती. पाच हजार टोकन आधी पाठवा म्हणाले. मी म्हटलं, पेटी उघडून सूर दाखवा, एकेक पट्टी वाजवून व्हिडिओ पाठवा. त्यानंतर उत्तरच आलं नाही. न ऐकता पेटीला एक रुपयाही देऊ नका.

म्हणून मिरजेला जाताना पेटी दुरुस्त करणाऱ्या मामांना सोबत नेलं. पेटी घेऊ अथवा न घेऊ, त्यांच्या दिवसाचे दीड हजार आधीच ठरवले होते. जाणकाराचा कान फुकट मागायचा नसतो.

मामांनी सगळे खटके (सुरांकडे हवा सोडणारे दट्टे) बंद करून भाता भरला. तो लगेच बसला, म्हणजे हवा गळत होती. चामडं कसरीने खाल्लेलं, दोन कमानी (स्प्रिंगा) तुटलेल्या. माझा चेहरा पडला. मामा म्हणाले, "ताई, हे सगळं नवं घालता येतं. सूर बघू." मग बॅटरी घेऊन एकेका पितळी जिभेवर वाकले. सूर चढवायला जिभेचं टोक घासतात, उतरवायला बुडाशी घासतात. वर्षानुवर्षं घासून जीभ पातळ होते आणि एक दिवस तुटते. इथे कानस जेमतेम लागली होती. सुरांवरच्या कंपनीच्या नुसत्या छापावर मामांचा विश्वास नाही. छाप कोणीही उठवेल म्हणतात. त्यांनी भाता कसाबसा धरून प्रत्येक सूर वेगळा ऐकला. खर्ज उमटला तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

त्यांचे सासरे भजनाला ही पेटी वाजवायचे. भंगारवाल्याने दोन हजार सांगितले होते, म्हणून चार म्हणजे काकूंना पुष्कळ वाटत होते. आता सांगा, आत काय आहे हे मला कळलंय, त्यांना नाही, आणि मी चार हजार ठेवून पेटी उचलायची? ही फसवणूकच आहे. खोटं बोललं नाही म्हणून ती कमी होत नाही. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत शिथिल झाली नाही. त्या काळातही घराघरांत, देवळादेवळांत पेटी वाजत राहिली ती अशा सासऱ्यांमुळे. त्यांच्या घरच्यांना भंगाराचा भाव द्यायचा?

दुरुस्तीला नऊ हजार लागणार, हे काकूंसमोरच मांडलं आणि तो माझा खर्च लक्षात घेऊन त्यांना द्यायचे अठरा ठरवले. त्या आधी घेईनात. "अगं, एवढे कशाला?" मामांनीच त्यांना पेटी उघडून सूर दाखवले.

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर विकण्याआधी पेटी दुरुस्त करणाऱ्याला एकदा दाखवा. सूर काळे पडले म्हणून घरी घासू-पुसू नका. आणि लाकडाला पॉलिश करून तर मुळीच विकू नका, घेणारा सुरांचे पैसे देतो.