उंचीचं बटण वेगळं, मऊपणाचं वेगळं

जुनी लक्झरी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरून फिरून येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी आपल्याकडच्या रस्त्यांवर कायम ‘उंच’वर ठेवा, खड्डे कळतसुद्धा नाहीत. स्पोर्टचं बटण दाबू नका, टायर खातं. गाडी बंद केल्यावर फुस्स आवाज आला की फुगा फुटला समजा. आणि खर्च निघालाच तर सरळ साध्या स्प्रिंगा टाका, काही फरक पडत नाही. खाली ‘अनुभवाचे बोल’ अशी मोहोरही असते. माझ्या मामेभावाने हे वाचून त्याची वीस वर्षांची एस-क्लास तीन महिने शहरभर उंचावूनच चालवली. म्हणून हे लिहायला बसलो.

त्याची गाडी मर्सिडीजच्या १९९८ साली आलेल्या पिढीतली. कंपनीने ‘एअरमॅटिक’ नावाचं आपलं एअर सस्पेन्शन पहिल्यांदा दिलं ते हिच्यातच. तिच्यात या कामाची दोन बटणं आहेत. एक दाबलं की गाडी दोन-तीन सेंटिमीटर वर उचलली जाते. दुसऱ्यावर दोन बारीक दिवे आहेत: दोन्ही बंद म्हणजे कम्फर्ट, एक लागला की स्पोर्टची पहिली पायरी, दोन्ही लागले की दुसरी. पहिलं बटण फुग्याशी बोलतं, दुसरं शॉकअपशी. फुगा गाडीचं वजन पेलतो आणि उंची ठरवतो. शॉकअप गाडीचं हिंदकळणं आवरतो. चाकाच्या आत वाकून पाहिलं तर दोन्ही मिळून एकच नळकांडं दिसतं, त्यामुळे माणसं दोन्ही कामंही एकच समजतात. मेसेजमधला निम्मा घोळ इथलाच आहे.

आता ‘उंचवर ठेवली की खड्डे कळत नाहीत’ हे घ्या. यामागचा समज असा, की जास्त हवा म्हणजे जास्त जाड गादी. पण गाडीचं वजन तेवढंच असेल तर ते तोलायला फुग्यात दाबही जवळपास तेवढाच लागतो. हवा जास्त जाते ती फुगा लांबवायला. गाडी उंच होते, मऊ होत नाही. उलट एक नुकसान होतं. चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा त्याला खाली जायला वाव लागतो. गाडी आधीच उंचावलेली असली की त्यातला बराचसा वाव खर्ची पडलेला असतो. मग चाक खाली जाऊन टोकाला आपटतं आणि ‘ठक्क’ असा आवाज येतो. भाऊ तोच आवाज ऐकून बुश, म्हणजे सांध्यांतले रबरी तुकडे, बदलायला निघाला होता.

हे काही आजच्या इलेक्ट्रॉनिक्सचं खूळ नाही. १९५५ च्या सित्रोएन डीएस या फ्रेंच गाडीत ड्रायव्हरच्या हाताशी उंचीचा दांडा होता. तिथे काम तेल आणि नायट्रोजन भरलेल्या गोलांवर चाले. दांडा सगळ्यात वरच्या खुणेवर नेला की ती मऊ म्हणून जगभर गाजलेली गाडी लाकडी बाकासारखी कडक व्हायची. ती जागा चाक बदलण्यासाठी होती, फार तर एखादा वाईट पट्टा मुंगीच्या पावलाने पार करण्यासाठी. मर्सिडीजवाल्यांनाही हे ठाऊक आहे. त्यांच्या बऱ्याच गाड्यांत ताशी १२० किलोमीटरच्या आसपास गेलात की वर घेतलेली उंची गाडी स्वतःच सोडून देते. शहरात आपण तेवढे जात नाही, म्हणून ती बिचारी वरच राहते.

मग ते बटण कशासाठी? सोसायटीच्या गेटातल्या त्या डोंगरासाठी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद धरलाय. आपल्याकडे ठेकेदार तीच उंची दोन फुटांत उरकतात. लांब पोटाची गाडी तिथे घासते. बटण दाबा, गाडी उचलली जाईपर्यंत थांबा, ओलांडा, पुन्हा दाबा. साचलेल्या पाण्यासाठी मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नका. दोन-तीन सेंटिमीटरने इंजिनाचं नाक, म्हणजे त्याची हवा ओढायची वाट, पाण्याबाहेर राहत नाही.

‘स्पोर्टने टायर खातात.’ टायर खातं ते बिघडलेलं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा चुकलेला कोन, आणि टायरमधली चुकीची हवा. स्पोर्टमध्ये शॉकअपमधल्या तेलाची वाट अरुंद होते, एवढंच. काही गाड्या त्यासोबत थोड्या खाली बसतात, पण ते कारखान्याने धरलेल्या मापातच. गावातल्या खड्ड्यांत कम्फर्टच बरा, इथे मेसेजशी माझं भांडण नाही. पण कायम कम्फर्ट? आमच्या मावशीला गाडी लागते. खंडाळ्याच्या घाटात ही एस-क्लास कम्फर्टवर होडीसारखी डुलत होती आणि मावशी आल्याचा तुकडा दाताखाली धरून डोळे मिटून बसली होती. भावाने स्पोर्टचा एक दिवा लावला. पुढच्या दोन वळणांनंतर तिने डोळे उघडले, लोणावळ्यात चहा मागितला. आराम म्हणजे मऊपणा असं आपण धरून चालतो, पण मागच्या सीटवरच्या पोटाला डुलणं जास्त छळतं.

फुस्स आवाजाचं तर हसूच येतं. चार माणसं आणि डिकीतल्या बॅगा उतरल्या की वजन घटतं, गाडी वर येते, आणि उंची मोजणारे सेन्सर ते पाहून जादा हवा सोडायला लावतात. तोच तो आवाज. खरी गळती गुपचूप असते. ती ओळखायला लागतो शिंप्याकडचा टेप. रात्री गाडी सपाट जागी लावा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा. सकाळी गाडी चालू करण्याआधी, शक्यतो दारही न उघडता, पुन्हा मोजा. एकच कोपरा बोटभर बसलेला असेल तर त्या फुग्यावर साबणाचं पाणी फवारा. पंक्चरवाल्याच्या टबात येतात तसेच बुडबुडे येतील. फवारा बाहेरूनच. गाडी स्टँडवर नसताना मडगार्डखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, हवा गेली की ती खाली बसायला वेळ लावत नाही. जॅक लावायच्या आधीही माहितीपुस्तिका उघडा. बऱ्याच गाड्यांत त्या वेळी उंचीचं काम बंद ठेवायची सोय असते.

गळती अंगावर काढली की मरतो तो फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर. गेलेली हवा भरून काढायला तो सारखा धावतो, तापतो, शेवटी बसतो. भावाला एका गॅरेजने नुसता कॉम्प्रेसर बदलून दिला होता. फुग्याची चीर तशीच. चार महिन्यांत नवाही गेला.

राहिला स्प्रिंगांचा सल्ला. जुन्या गाडीत फुग्यांचा खर्च गाडीच्या किमतीला भिडायला लागला की हा विचार वेडगळ नाही, चांगला किट बसवून लोक वर्षानुवर्षं फिरतात. पण ‘फरक पडत नाही’ हे खोटं. फुग्यावर वजन वाढलं की त्याचा दाब आणि ताठपणाही वाढतो, म्हणून एकटे असा की पाच जण, गाडीची चाल बरीचशी सारखी राहते. स्प्रिंगेचा ताठपणा ठरलेला. पाच जण आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात निघालात की मागची बाजू बसणार आणि पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. दोन्ही बटणं बहुतेक शोभेची होणार, डॅशबोर्डवर इशारा कायमचा मुक्कामाला येणार.

भावाने शेवटी मागचा डावा फुगा बदलला. टेप अजून डॅशबोर्डच्या खणात आहे.